आधी पातळ की आधी जाड

४ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळपासून विहिरीवरच्या पाच मोटारी. हरभऱ्याचं ओलित सुरू झालं की अख्ख्या मालेगावच्या जळक्या मोटारी माझ्या दारात. एकीचं वायंडिंग ठीक होतं, आवाज मात्र खरखरीत. पेचकसाचं एक टोक मोटारीला, दुसरं माझ्या कानाला. बेअरिंग. मालक म्हणे, "मिस्त्री, खोलून तं पाहा." कायले खोलू? ऐकलं ना.

पाचला वर्षा आली, माझा जुना दोस्त वसंता, त्याची पोरगी. जऊळक्याच्या शाळेत मास्तरीण आहे. खांद्यावर ती बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार. जुनीच, नागपूरहून आणलेली. दिवाळीपासून बापाच्या भजन मंडळात वाजवते.
"काका, हिच्यावर बाबाचा सूर लागून नाई राह्यला. गिटारमंदीच काही हाये. तेवीसले कारंज्याचा कार्यक्रम हाये."
मोटारींबरोबर वाद्यंही दुरुस्त करतो मी, ठेवून घेतली.

६ नोव्हेंबर, गुरुवार
गिटार पाहिली. दोष नाही. सूर तंतोतंत. आवाज उचलणारं आतलं कॉइल कुणी गुंडाळलं देव जाणे, पण माझ्यापेक्षा सुबक. (हे फक्त इथे.)

बारा तारा म्हणजे सहा जोड्या. बारीक बाजूच्या दोन जोड्या जुळ्या. बाकी चारांत एक जाड, एक पातळ. पातळ एक सप्तक वर. हात वरून खाली आला की आधी पातळ लागते, मागून जाड. डोळा लवायच्या आत. पण तेवढ्यानेच ती चमकते, नव्या शालूच्या जरीसारखी.

मग वसंताचा सूर का लागत नाही?

९ नोव्हेंबर, रविवार
गिटार घेऊन वसंताकडे तालमीला गेलो. चहा घेतला, कोपऱ्यात बसलो.

आम्ही दोघं एकाच वर्षी दहावी नापास. तो खंजेरी घेऊन गायला लागला, मी तांब्याची तार गुंडाळायला. तीस वर्षं तो पेटीच्या काळी तीनवर गातोय. पुरुषाला उंच पट्टी. लोक त्यासाठीच बोलावतात. स्वतः म्हणतो, "काळी तीनच्या खाली उतरलो तं समजा वसंता संपला."

आज तीन भजनं. वरच्या सा ला प्रत्येक वेळी केसभर खाली. त्याने गिटारीकडे पाहिलं, वर्षाने गिटारीकडे पाहिलं, पेटीवाल्यानेही गिटारीकडेच पाहिलं.

तिसऱ्या भजनात मात्र गंमत. वर्षाचं मनगट दमलं की ती हात उलटा मारते, खालून वर. तेव्हा जाड तार आधी लागते. अन् तेवढ्या ओळींपुरता वसंता जागेवर. परत सुलटा हात, परत खाली. चारदा मोजलं.

गाणारा जे आधी ऐकतो ते धरतो. पातळ आधी आली की तो वर झेप घेतो अन् कमी पडतो. जाड आधी आली की तिच्यावर बसतो, पातळ मागून येऊन उरलेलं झाकते.

म्हणजे गिटार ठीक आहे. वसंताचा गळा उतरलाय.

११ नोव्हेंबर, मंगळवार
वर्षाला दुकानात बोलावलं. सांगितलं, मार्ग दोन. एक, तुझ्या बाबाला खरं सांगायचं, पट्टी खाली घ्यायची. दोन, तारांचा क्रम उलटवायचा: चारही जोड्यांत जाड आधी.
ती बराच वेळ पक्कड उघडझाप करत बसली.
"काका, मले सहा महिन्यांपासून ऐकू येते."
"मंग गिटारीवर काहून ढकललं?"
"तुमी तरी काय करान? तुमी सांगसान त्याले?"
मी नाही म्हणालो. म्हणालो म्हणजे काय, तारेचं भेंडोळं सोडवत बसलो.
"क्रम उलटवा मंग. चमक गेली तं गेली."
चमकीसाठीच घेतली होती तिने ती गिटार.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
तारा नुसत्या अदलाबदल करून भागत नाही. गिटारीच्या मानेच्या टोकाला हाडाचा बोटभर तुकडा असतो, त्यात बारा खाचा, ज्या त्या तारेच्या जाडीच्या. जाड तार पातळ खाचेत बसत नाही. पातळ जाड खाचेत झणझणते. नवा तुकडा घडवणं आलं. मोडक्या सतारीत तारा टेकतात त्या घोडीचं हाड पडून होतं, ते घेतलं. घासताना दाताच्या डॉक्टरकडचा वास. बायको म्हणे, "हे धंदे बाहेर करा."
आठ खाचा झाल्या. मोटारवाले ताटकळत.

१६ नोव्हेंबर, रविवार
जाड आधी अशा तारा चढवून तालमीला गेलो. पहिल्याच भजनाला वसंताने मान हलवली. वरचा सा लागला, म्हणजे लागल्यासारखा वाटला; माझ्याखेरीज कुणाला कळू नये इतपत.
"आता आली गिटार मानसात! काय झालतं रे तिले?"
"खाचा झिजल्या होत्या."
"पाह्य, मी सांगतच होतो." पेटीवाल्याकडे बघून.
सगळे खूश. वर्षा खाली मान घालून वाजवत होती. आवाज भरदार, गोल. जरीची चमक मात्र गेली. पाण्यातून काढलेल्या शालूसारखा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
मोटारी चार. एकाला तोंडावर सांगितलं, "दादा, ही आता टाका, हिच्यात दम नाई." तो हसला, भंगारात घातली.
मोटारवाल्याला सांगता येतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
अकराच्या सुमारास वसंता एकटाच. हातात गिटार. स्टुलावर बसला. चहा सांगितला. अर्धा पिऊन झाल्यावर म्हणाला,
"खाचा झिजल्या होत्या म्हने."
"हो."
"तीस वर्षं खंजेरीवर थाप मारून राह्यलो लेका. आधी काय वाजलं अन् मंग काय वाजलं, हे मले नाई कळत? काल पोरगी घरात वाजवत होती. तारा उलट्या केल्या तुवा."
मी पेचकस पुसायला घेतला.
"कायले?"
"तुह्या गळ्यासाठी."
बोलून गेलो. इतक्या दिवसांत एवढंच खरं. तो कपात बघत राहिला. मग हसला, पण दात न दाखवता.
"तिले सांगितलं तू?"
"तिले आधीच माहीत होतं."
हे त्याला जास्त लागलं. कप खाली ठेवला, परत उचलला.
"जुना तुकडा हाये का?"
"हाये."
"लाव मंग. परवा पोरीची गिटार पोरीच्या आवाजात वाजली पायजे."
"अन् तू? काळी तीनवर तुटशीन. कारंज्याचे लोक कानाचे पक्के हायेत."
"मंग?"
"काळी दोनवर गा."
"सरळ मेलो म्हन ना."
"गा म्हनून राह्यलो."
तो उठला. गिटार टेबलावर ठेवली. "उद्या सांगतो. तोवर तारा ढिल्या करून ठेव."

तारा ढिल्या केल्या. दोन्ही हाडं शेजारी शेजारी ठेवलीत. जुनं पिवळट, माझं पांढरं.

जाताना वसंता, मोटारसायकलला किक मारायच्या आधी, दारात गुणगुणत उभा होता. कान दिला. मग मी आत येऊन दुरुस्तीला आलेल्या एका पेटीवर बोट ठेवून पाहिलं. काळी दोन. बरोबर जागेवर, केसभरही इकडे-तिकडे नाही.
पण गुणगुणताना सगळेच खाली गातात.