दादाचा कंप

दि. ३ जून

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दादाला पार्किन्सन झाल्याचं तुमच्या पत्रातून कळलं. चष्म्याच्या काडीतला मुंगीएवढा स्क्रू गप्पा मारत बसवणारा माणूस तो! आता म्हणे गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवतानाही हात थरथरतो.

राग मानू नका, पण मी वाचलंय, वर्षानुवर्षांच्या ताणानंही हा आजार होऊ शकतो. दादाला ताण दुसरा कुठला? दुकानात तुम्ही गल्ल्यावर, घरात तुम्ही डोक्यावर. गेल्या महिन्यात मी आले तर तो हसलासुद्धा नाही. तुम्हीच कान भरले असणार. त्याला माझ्याकडे पाठवून द्या. वरची खोली मोकळी आहे, इथे त्याला कुणी हिडीसफिडीस करणार नाही.

लोभ आहेच, तो राहू द्यावा.

तुमची,
छकुली

दि. ११ जून

चि. सौ. छकुलीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं, पोट भरलं. पन्नाशी उलटली तरी तू छकुलीच राहिलीस; काही बिनसलं की बोट दुसऱ्याकडे.

तू वाचलंस ते मी डॉक्टरांना आधीच विचारलं होतं. ताणाचा संबंध असू शकतो, म्हणाले, पण ताणामुळेच झाला असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. तुला मात्र सांगता आलं! आणि ताणाचाच विषय काढायचा तर सासूबाईंपासून काढू. बारा वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना पुसून, कुशीवर वळवून मग हे दुकान उघडायचे. तू यायचीस, उशाशी बसून रडायचीस आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. तेव्हा नव्हती का वरची खोली मोकळी?

हसले नाहीत म्हणतेस. या आजारात चेहरा ताठरतो. मलाही वर्षभर वाटत होतं, हे माझ्यावरच फुगलेत. मी त्यांना कुठेही पाठवणार नाही. त्यांच्या शर्टाची बटणं मी लावते, आणि कटकट करतच लावते.

जावईबापूंना नमस्कार. लोभ कितपत उरलाय ते तूच बघ.

तुझी,
वहिनी

दि. २९ जुलै

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

अक्षर फार बारीक झालंय, भिंग घेऊन वाच. हे पत्र पाकिटात घालण्याआधी हिलाही वाचायला देणार आहे. तुझी पत्रं ही उशीखाली लपवते आणि स्वतःची टपालात टाकायला माझ्याच हातात देते. मी सगळी वाचली.

तू आलीस तेव्हा मी हसलो होतो गं. आई माझी होती, तिला या भांडणात ओढू नका. आणि हिची कटकट नसती तर दुकान केव्हाच बसलं असतं.

आजार कशानं झाला ते डॉक्टरांना माहीत नाही, मला नाही. तुम्हा दोघींना तेवढं पक्कं ठाऊक. पण ताण आला की कंप वाढतो, हे डॉक्टरांनी ठामपणे सांगितलंय. फाटकाशी पोस्टमन दिसला की माझ्या कपातला चहा बशीत येतो. परवा तुझं आणखी एक पत्र आलं. दुपारी एका म्हाताऱ्या मास्तरांचा चष्मा माझ्या हातून पडून फुटला. ते बिचारे भिंतीला हात लावत घरी गेले.

काल दुकानाला कुलूप घातलं.

लोभ असावा, असं लिहायची रीत आहे. तो दोघींचाही भरपूर आहे. पत्र मात्र नसावं.

तुझा,
दादा