मेघाचं विरजण

३ फेब्रुवारी
प्रताप नगरातलं हे घर मला फार आवडलं. हवेशीर गच्ची, ऐसपैस स्वयंपाकघर आणि नवरा इतका भिडस्त की विहारात लग्न लागून आठवडा झाला तरी अहो-जाहो करतो! प्रशिकचं हे दुसरं लग्न. पहिली बायको, मेघा, तापानं गेली. सासूबाई प्रेमळ आहेत. त्यांनी मला चिनी मातीची बुटकी बरणी दाखवली. म्हणाल्या, ‘‘मेघानं मिरचीच्या देठावर लावलं होतं हे इरजण. तेच चालू हाये. मोडू देऊ नको वं.’’ दही खरंच गोड आहे.

११ फेब्रुवारी
प्रशिकनं माझी भरली वांगी नुसती चिवडली आणि दहीभात मात्र डोळे मिटून खाल्ला. मी काही दूधखुळी नाही. डोळे मिटल्यावर त्याला कोण दिसतं ते कळतं मला.
नाशिकला औषधांच्या दुकानात असताना मीच गिऱ्हाइकांना सांगायचे, आतड्यात अब्जावधी जिवाणू नांदतात, पचनच काय, मनसुद्धा त्यांच्या हातात. म्हणजे मेघा फोटोत नाही, ती ह्याच्या पोटात नांदते. मेलेल्या बाईचा मला हेवा वाटतो, आणि लाज वाटत नाही.

२० फेब्रुवारी
विरजण मोरीत ओतलं. बरणी उकळत्या पाण्यानं धुतली, शेजारच्या शोभाताईंकडून नवं आणलं.
प्रशिकची दाढ दुखत होती. साध्या गोळीनं भागलं असतं. मी सगळ्यात जबर अँटिबायोटिक दिलं आणि दाढेचा ठणका थांबला तरी देत राहिले. दाढेसाठी नाही, तिच्यासाठी.

९ मार्च
जुलाब थांबत नाहीत. रक्त पडतं. डॉक्टर म्हणाले, चांगले जिवाणू साफ झालेत, एक वाईट जंतू माजलाय. निरोगी माणसाच्या मलातले जिवाणू प्रशिकच्या आतड्यात सोडायचे, दुसरा इलाज उरला नाही. सासूबाईंना साखर आहे, त्या बाद. माझ्या तपासण्या उत्तम आल्या.
येणारच. लग्नाआधी मला दूधसुद्धा सोसत नव्हतं. तिचं दही मीही खाल्लंय. ती आता फक्त माझ्यात उरलीय.

११ मार्च
प्रशिक कण्हला की माझ्या पोटात काहीतरी वळतं. मी खोलीबाहेर गेले की थांबतं.
सासूबाईंनी माझे पाय धरले. ‘‘माह्या पोराले वाचव वं.’’
वाचवीन. पण वाचवणार मी, आणि नांदणार ती—

१२ मार्च
सकाळी त्यानं डोळे उघडले. माझ्या तोंडाकडे नाही, पोटाकडे बघून हसला. मेघा, म्हणाला.

शेजारच्या खोलीत येऊन दाराला कडी घातली. त्याच्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या सगळ्या गिळल्या. आता ती माझ्यातूनही जाईल. प्रशिक गेला तर माझा होऊन जाईल.

सासूबाई दार बडवतायत. आम्हा दोघांना न्यायला दवाखान्याची गाडी आलीये म्हणे. पोटात ती तडफडतेय— तिकडे त्याचा श्वास अडकतो— ती थांबली की तोही—

शांत. दोघंही एकदमच. एकत्र गेले— मला इथे एकटीला टाकून दोघं—