वरून खाली पेटणारे दिवे

५ मार्च, बुध.
नानांशी आज पुन्हा वाजलं. एरंडोलला कुणाच्या तरी मरणानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, भरदुपारचा. मागे ऐकायला बसलेल्या बाया म्हणाल्या, अक्का, तुमचे शब्दच पोचत नाहीत. नानांना म्हटलं, माझा आवाज वाढवा. पेटी त्यांच्यापुढे, मिक्सर डाव्या मांडीशी. गायन पार्टी त्यांची, म्हणून बटणंही त्यांचीच. मिक्सरच्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "देख, तुना दिवा बठ्ठासपेक्षा वर जास. आखो काय पाहिजे तुले?"
दिवा खरंच सगळ्यांपेक्षा वर जातो. घरी येऊन भांडी आपटली.

९ मार्च, रवि.
एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. हा मिक्सर आल्यापासून पडद्यावर प्रत्येकाच्या नावाची पट्टी दिसते. माझ्या पट्टीत दिव्यांच्या दोन ओळी. हिरवी खालून वर चढते. नारिंगी वरून खाली येते. मी वरचा सूर लावला की नारिंगी धडाधड पेटते, पार तळापर्यंत. नानांची कधीच पेटत नाही. तीन वर्षं मनात म्हणतेय, बघ म्हाताऱ्या, दम कुणात आहे!

१२ मार्च, बुध.
धुळ्याला मावसबहिणीकडे गेले होते. तिथूनच दिलीपभाऊंकडे. आमचे ढोलकीवाले, दिवसा तिथल्या एका स्टुडिओत रेकॉर्डिंग करतात. सहज विचारलं, ती नारिंगी ओळ म्हणजे आवाजाची ताकद ना?
त्यांनी कप खाली ठेवला. "अक्का, ती ओळ म्हणजे कापलेला आवाज. ती जेवढी खाली येईल, तेवढ्या तुम्ही कमी."
हिरवी ओळ माइकात किती शिरलं ते सांगते. बाहेर किती पडलं ते नाही. मधे कंप्रेसर. एक हद्द ठरवायची, आवाज तिच्यावर गेला की दाबायचा. किती दाबायचा तेही ठरवता येतं. वाईट नसतं म्हणे, थोडं सगळेच लावतात. माझी हद्द मात्र इतकी खाली की खाकरलं तरी पेटेल.
"तुम्हाला माहीत होतं?"
"नानांपुढे कोण बोलणार, अक्का..."
तीन वर्षं माझा गळा आवळला जात होता आणि मी त्या दिव्यांना शाबासकी समजत होते. लाज वाटली. मग संताप. चहा तसाच टाकून उठले.

१६ मार्च, रवि.
सरावाला नानांना सगळ्यांदेखत विचारलं. ढिम्म हलले नाहीत. "तुना आवाज वर गया का फुटस. लोकस्ना कानले लागस. मी इतला दिन सांभाळी लिधं."
मग सांगितलं का नाही?
"सांगीसन काय उपयोग? रडती तू."
रडले नाही. असली माया जळो.
दुपारी गच्चीवर कुरडया घालताना वरचा सूर लावून पाहिला. फुटतो का? कळेना. आपला आपल्याला कसा कळणार. आणि खरंच फुटत असेल तर?

२३ मार्च, रवि.
पाचोरा, लग्न. नाना जेवायला गेले तेव्हा मी मिक्सरशी बसले आणि माझी हद्द थेट वर नेऊन ठेवली.
दुसरं गाणं माझं. हिरवी चढली. नारिंगी पेटली नाही. अंतऱ्याला वरचा सूर लावला, हिरवीच्या टोकाचा लाल दिवा लागला, कर्णा किंचाळला, पुढच्या बाईचं बाळ दचकून रडायला लागलं. आणि आवाज फुटला. खरंच फुटला.
नानांचा डावा हात पेटीचा भाता सोडून मिक्सरकडे आला. मी त्यावर माझा हात दाबून धरला. भाता नाही तर पेटी कुठली, ती बंद. अख्खा अंतरा त्यांचा हात दाबून धरून गायले. दिलीपभाऊ खालमानेने वाजवत राहिले, एवढं मात्र त्यांचं देणं लागते. पंगतीतले वाढपी थांबून बघत होते.
निघताना एका म्हातारीने हात धरला. "आज पह्यलांदा आयकं तुले, माय. फुटस, पन आयकू येस."


२६ मार्च, बुध.
दिलीपभाऊंचा फोन. रविवारी सावद्याच्या कार्यक्रमाला माझ्या जागी भुसावळची दुसरी बाई सांगितली आहे. मिक्सरला नानांनी पासवर्ड घातला.
नाना खरं बोलले, हेच जास्त झोंबतं. पण तीन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर मेहनत करून तो सूर सावरला नसता का? झाकून ठेवला, म्हणून तसाच राहिला. याबद्दल मी त्यांना कधी माफ करणार नाही.
सकाळी तासभर तोच सूर लावला. शेजारणीने भिंत ठोकली. ठोकू दे.
रविवारी सावद्याला जाणार. माइक दिला तर ठीक. नाही दिला तर पहिल्या रांगेत बसेन, आणि म्हातारा अंतऱ्याला आला की तिथूनच तो वरचा सूर लावेन, बिनमाइकचा.