खुरांचा आवाज, नावं तीन

४ जानेवारी
लेख अडकला. डॉ. सुमनताईंनी वडवणीहून स्वतः फोन करून सांगितलं, म्हणजे बातमी पक्की. मेंढीचा खूर सडू लागला की लंगडण्याआधीच चालीचा आवाज बदलतो, त्यावरचा लेख. नावं तीन: निवृत्त पशुवैद्य सुमनताई, इराणमधले एक प्राध्यापक आणि चकलांब्याच्या मेंढपाळ रखमाबाई. सगळा लेख रखमाबाईंच्या कानावर उभा. परदेशी संशोधन-पत्रिकेचा संपादक म्हणतो, इराणवर अमेरिकेचे निर्बंध. प्राध्यापकांचं नाव काढा, लगेच छापतो.

५ जानेवारी
चकलांबा. सुमनताईही आल्या. रखमाबाई कोकराला पाजत होत्या.
"त्या बाबाचं नाव कावून काढायचं? त्यानं काय केलं?"
मी म्हणालो, सरकारांचं भांडण आहे.
"मग माझंबी काढा."
सुमनताई हसल्या. "मग लेखात उरलं कोण, मी?"
"हाव की तुमी. मेंढी धरायला."

७ जानेवारी
सुमनताईंनी दोन दिवसांत तो कायदा वाचला. लस टोचलेल्या मेंढीवर खूण करायच्या निळ्या खडूने रेघा. लेख-पुस्तकं छापायला निर्बंधांतून सूट आहे. पण सरकारी माणसाच्या लेखनाला नाही. पण विद्यापीठातले संशोधक इथे सरकारी धरायचे नाहीत. संपादक दुसऱ्या वाक्यावरच थांबलेला. मीही थांबलो असतो, बातमी पाठवून मोकळा.
रखमाबाईंना फोनवर सांगितलं. त्यांना नवल नाही. "आमच्या चराईबंदीचंबी असंच हाय. बंद म्हंजी बंद. पण वाटेनं जाणाऱ्याला मोकळं. मुक्काम न्हाई. पण मेंढी व्याली तर मुक्कामबी चालतो. तुमचा साहेब पैल्याच बांधावरनं माघारी गेला."

१० जानेवारी
सुमनताईंनी कलम कळवलं होतं, त्यावर संपादकाचं उत्तर, नम्र. प्राध्यापक जनावरांचा दवाखानाही चालवतात. तो विद्यापीठाचा की सरकारी खात्याचा? लेखी हवं. खात्याचा निघाला तर खास परवान्याचा अर्ज, त्याला किती महिने, कोणी सांगत नाही. अंकाची मुदत सोमवारी संपते.
प्राध्यापकांचा निरोप: पत्र मागितलंय. नाव काढलंत तरी राग नाही.
त्यांना सुमनताईंचं उत्तर एका ओळीचं. लेख तिघांचा आहे.
इतकी वर्षं बातम्या लिहिल्या, इतकी नेमकी ओळ क्वचित.

शनिवार, १२
पत्र आलं. दवाखाना विद्यापीठाचा, सही, शिक्का आहे. सुमनताईंनी कलमाची प्रत जोडून पुढे धाडलं. शिक्का संपादकाच्या वकिलांना पुरेल का, सुमनताईंनाही माहीत नाही.
रखमाबाई सोमवारी कळप घेऊन शिरूर कासारकडे निघणार. "छापलं तर फोन करा. तिघांचीबी नावं वाचा. त्याचं पैलं."
वकिलांचं उत्तर सोमवारी दुपारपर्यंत अपेक्षित.