पाच जानेवारीचा नाताळ

शिरपूरजवळची वस्ती,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. ईश्वरभाऊस,
ललिताचा सप्रेम सलाम वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकत नाहीस, म्हणून हे पत्र.

नव्या पाळकांनी चर्चची जुनी नोंदवही उतरवून घ्यायला काढलीय. मला जुनं अक्षर वाचता येतं म्हणून बसवलं. त्यात आपल्या धाकट्या भावाचा, जीवनचा, बाप्तिस्मा सापडला. तारीख ५ जानेवारी १९७४. भाऊ, मला तर पक्कं आठवतं की तो नाताळच्या दिवशी झाला. तू दवाखान्यातून नुकताच आला होतास. दारावर बांबूचा तारा होता, मला लाल फ्रॉक होता, आणि करंज्या इतक्या की कुणी हात धरला नाही. आयुष्यातला सगळ्यात सुंदर नाताळ तो. नातवंडांना दरवर्षी सांगते. मग माझं चुकतंय की वहीचं?

तू तेव्हा अकरा वर्षांचा होतास, तुला माहीत असणार. कळल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. आणि यंदा तरी नाताळला येशील का? इतकी वर्षं बोलावते, तुझी कारणं मला पाठ झालीत.

लोभ आहेच, तो राहू दे.
तुझी ललिता


धुळे,
२६ नोव्हेंबर २०२४

चि. ललितास अनेक आशीर्वाद.

वही बरोबर आहे. विचारलंसच म्हणून लिहितो, नाहीतर बोललो नसतो.

पंचवीस डिसेंबरला मी इथं धुळ्याच्या दवाखान्यात टायफॉइडनं पडून होतो. खिडकीतून घंटा ऐकू आल्या. आई बाळाला मांडीवर घेऊन उशाशी बसली होती, ती म्हणाली की नाताळला अजून अवकाश आहे. मला तारीख कळत होती. पुढं अकरा दिवसांनी घरी आलो तर तारा, ढोल, करंज्या सगळं हजर. मी ओळखलं, यांचा सण होऊन गेलाय, आता आजारी पोराला दाखवायला उरलासुरला पुन्हा मांडलाय. फार लागलं गं मला. तेव्हापासून वस्तीतला नाताळ नकोसा झाला. सांगितलेली कारणं खोटी होती, खरं कारण हे होतं.

तू तेव्हा लहान होतीस, तुझ्यावर राग नाही. जपून राहा.
ईश्वर


वस्ती,
४ डिसेंबर २०२४

ती. भाऊस सलाम.

पत्र वाचून रडले, मग चिडले, मग उठून शेजारी लिलाअक्काकडे गेले. आई तुझ्याजवळ होती तेव्हा मी अक्काच्याच घरी राहत होते. तिला विचारलं, पंचवीस तारखेला तुम्ही काय केलं? तिनं माझ्याकडं वेड्यासारखं बघितलं. म्हणाली, "पोऱ्या दवाखानामा व्हता, कढई कोन चढाडी?"

आपल्याकडची रीत तू विसरलास. शेजारी जिवावरचं दुखणं असलं की वस्तीत तळण होत नाही. आणि तुझा भरवसा तेव्हा डॉक्टरांनाही नव्हता, हे आईनं तुला कधी सांगितलं नाही. त्या दिवशी आपली अकराही घरं कापूस वेचायला गेली. पाळकसाहेब सायकलवर आले तर घरांना कुलपं. ते शेतात गेले आणि बांधावर प्रार्थना करून परतले, पोरगा आला की निरोप धाडा म्हणाले. अक्कानं करंजीसाठी किसलेलं खोबरं खवट झालं, ते शेळ्यांनी खाल्लं. नवे कपडे घड्या घालून पेटीत राहिले. मला कुणी तारीखच सांगितली नाही.

उरलासुरला काहीच नव्हता, भाऊ. तुझ्याशिवाय कुणी नाताळ केलाच नव्हता.

आता पुढचं तूच ठरव.
ललिता


धुळे,
९ डिसेंबर २०२४

चि. ललितास आशीर्वाद.

अकरा घरांतली नावं आठवून कागदावर मांडली. लिलाअक्का सोडली तर त्या वेळची मोठी माणसं कुणी राहिली नाहीत. मी त्यांच्यावर पन्नास वर्षं रुसून बसलो आणि त्यांना पत्ताही नव्हता.

बावीस तारखेच्या सकाळच्या एसटीनं निघतो. यंदा कुणाला थांबायला लावत नाही. आधी अक्काच्या पाया पडेन, मग तुझ्याकडे येईन. तिच्यापुढं काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही. तू शेजारी उभी राहा.

तुझा भाऊ,
ईश्वर