आईंच्या ओठावरचा फोड

बोईसर, मंगळवार, १२ नोव्हेंबर १९९६

आईंच्या ओठावर आज पुन्हा फोड आला. सासूबाई, सुनंदाच्या आई, तिच्या बाळंतपणासाठी सातपाटीहून आलेल्या. बाळ गेल्यावरही इथेच आहेत.

सहाव्या दिवशी सटवीच्या पूजेला त्यांना असाच फोड होता. "जराचा फोड ओठावर फुटला म्हंजे ताप गेला," म्हणाल्या आणि बाळाचे मुके घेतले. आम्हालाही ते खरं वाटलं. लहानपणापासून तेच ऐकलेलं.

बाळ हर्पीसने गेलं. त्याच्या अंगातला विषाणू मुंबईच्या प्रयोगशाळेत गोठवून ठेवलाय. डॉक्टर म्हणाले, माणसागणिक या विषाणूच्या जनुकांत थोडा फरक असतो, आईंच्या फोडातला नमुना दिलात तर जुळवून बघता येईल. फोड मात्र ताजा हवा. म्हणजे बाळाचं एवढंच शिल्लक आहे? आणि तेच आईंच्या ओठावर?

संध्याकाळी आईंनीच विषय काढला. "जावयबापू, मला न्या डाक्टरकडं. मीच हाय का नाय, कळू दे."

सुनंदा भाकरी टाकून उठली. "आई कुठं जायची नाय. बाळ गेलं, आता आईलापण घालवू?"

मी म्हणालो, "विषाणू माझ्याकडूनही गेला असेल. मीही मुके घेतलेच की."

आईंनी तोंडावर धरलेला पदर सोडला नाही. चहासुद्धा भिंतीकडे वळून प्यायल्या.

नेणार नाही, असं सुनंदाला सांगितलं. पण त्या पदराकडे नजर जाते. फोड वाळला की संपलं. मला कळायला हवंय. कशाला हवंय? कळल्यावर मी त्यांच्याकडे कसा बघणार आहे?