न वाचलेली तीस पानं

बाबा, दादानं आणलेल्या त्या इंग्रजी कादंबरीची शेवटची तीस पानं मी तुम्हाला वाचून दाखवली नाहीत. तुम्हाला ते तेव्हाच कळलं होतं, हे मलाही ठाऊक आहे. तुम्हाला जाऊन आता अकरा वर्षं झाली. पानांचं मी मनाला फार लावून घेतलेलं नाही. त्यानंतर जे केलं, म्हणजे जे करायचं होतं आणि केलं नाही, ते मात्र आजवर कुणाजवळ बोलले नाही. पुढच्या महिन्यात दादा येतो आहे. त्याच्यापुढं ते बोलावं लागेल, म्हणून आधी तुमच्याजवळ बोलून बघते.

आई जाऊन चार महिने झाले होते. राजूरच्या कोळसा खाणीत मशिनं दुरुस्त करणारा आपला दादा ऑस्ट्रेलियातल्या खाणीत लागला, तेव्हा दारव्ह्यात घरोघरी पेढे तुम्हीच वाटले होते. आई गेली तेव्हा तो आला नाही. सुट्टी नाही म्हणाला, तिकीट नाही म्हणाला, मग फोनवर नुसता गप्पच राहिला. चार महिन्यांनी आला, तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात जेवत होता आणि मी तव्यावर भाकर टाकलेली. तुम्ही ताटावरून मान वर केली नाही. म्हणालात, "तेरवीलेही आला नाही. आता काय पाहुणा म्हणून आला काय?" तो दारात बुटाची नाडी सोडत होता. तसाच वाकलेला राहिला आणि म्हणाला, "पाहुणाच समजा." माझी भाकर करपली. मी मधे पडले नाही, कारण मनातून मी तुमच्याच बाजूची होते. आईचं अंथरूण, आईच्या औषधाच्या वेळा, तिला न्हाऊ घालणं, सगळं मी काढलं होतं, आणि हा साहेब चाकाची बॅग घेऊन दारात उभा. दोन दिवस राहिला आणि गेला. जाताना फडताळावर एक जाडजूड कादंबरी ठेवली आणि मला म्हणाला, "बाबाले वाचून दाखवजो." मी म्हटलं, "त्यायले इंग्रजी कुठं येते?" तर म्हणे, "तुले येते ना."

नंतर दोन वर्षं तुम्ही त्याला फोन केला नाही, त्यानं तुम्हाला केला नाही. तुमचा राग नाकावर आणि त्याचा स्वभावही तुमच्यावरच गेलेला. सणावाराला मला त्याचा मेसेज यायचा, बाबा कसे आहेत. मी लिहायची, बरे. तुम्ही बरे नव्हता. काचबिंदूनं आधी डावा डोळा नेला आणि मग उजवा. तरी तुमचं फारसं अडलं नाही. सगळी हयात कापसाच्या जिनिंगमध्ये ग्रेडर म्हणून काढलेली, रुई चिमटीत धरून ओढली की धागा किती लांब, माल किती ओला, हे तुम्ही डोळे मिटून सांगायचात. डोळे गेल्यावर घरातली प्रत्येक वस्तू तुम्ही त्याच चिमटीत धरू लागलात, पोळीसुद्धा. "आज कणीक सैल झाली वो माय," असं म्हणायचात, आणि ती झालेली असायचीच.

मे महिना. मी शिकवते त्या कॉलेजला सुट्टी आहे, दुपारचा कूलर घरघरतो आहे, आणि तुम्ही भिंतीकडं तोंड करून म्हणता, "त्या पोट्ट्यानं ठेवलेलं पुस्तक काढ." दोन वर्षांत पहिल्यांदा तुमच्या तोंडून त्याचा विषय निघाला होता. मी पुस्तक काढलं. मांडीवर इंग्रजी आणि तोंडातून आपली बोली, असं आपलं सुरू झालं. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातलं एक घर, हजारो मेंढ्या, बायको गेलेला म्हातारा, आणि त्याचा समुद्राकाठच्या शहरात राहणारा मुलगा. आईच्या मातीला मुलगा आला नाही म्हणून बापाशी बोलणं तुटलेलं. हे वाचताना माझा आवाज अडखळला, तर तुम्ही म्हणालात, "काहून थांबली? वाच." त्या घरात मुलगी नव्हती. मला तेव्हा ते बरंच वाटलं होतं.

तुम्ही मात्र रमलात. डिसेंबरात तिथं लोक घामाघूम होतात हे वाचलं, तेव्हा तुम्ही हसलात, "लबाड लिहिते." मी सांगितलं, तिकडं आपल्या उलटं असतं, आपल्या उन्हाळ्यानंतर तिकडं हिवाळा. तुम्ही ते दोनदा विचारून पक्कं केलंत. पाऊस नाही, मेंढ्या वाळल्या, असं आलं तेव्हा म्हणालात, "घाटंजीकडलंच गाव दिसते हे." सोळा दुपारी आपण वाचलं. मी पुढचं आधी चाळून ठेवायची, मास्तरकीची सवय. त्यामुळं मला ठाऊक होतं की मुलगा गाडी काढून घराकडं निघतो आणि तो पोचायच्या आत म्हातारा जातो. म्हणून मुलगा निघाला तिथं मी पुस्तक मिटलं. "झालं बाबा." तुम्ही हात पुढं केलात. पुस्तक घेतलं आणि उरलेली पानं चिमटीत धरली, रुई धरायचात तशी. "हे एवढं काय हाय मग?" मी म्हटलं, जाहिराती आहेत, दुसऱ्या पुस्तकांच्या. तुम्ही बराच वेळ ती पानं सोडली नाहीत. मग विचारलंत, "पोरगा निघाला ना पण?" मी म्हटलं, निघाला. "मंग बरं हाय," म्हणालात आणि पुस्तक उशाशी ठेवलंत.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना तुम्ही म्हणालात, "त्याले फोन लाव. पुस्तक झालं म्हण. अन् म्हण, घर तुह्यंच हाय, ये." तुमच्यासारख्या माणसाला एवढं बोलायला दोन वर्षं लागली होती. मी फोन घेऊन अंगणात निंबाखाली गेले. त्याचा नंबर काढला आणि बघत राहिले. पानं गाळली ती मायेपोटी, पण इथं माया नव्हती बाबा, राग होता. आईचं मी केलं, तुमच्या डोळ्यांत थेंब मी घातले, आणि एका फोनवर तो परत घरचा मुलगा होणार. वाटलं, राहू दे त्याला अजून एक दिवस तसाच. उद्या लावू. आत येऊन सांगितलं, लागला, सुट्टी पाहून येतो म्हणाला. तुमचा चेहरा मी पाहिला. तुम्हाला माझा दिसत नव्हता. "आवाज कसा होता त्याचा?" असं विचाराल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. सुचलं ते बोलले, "बसलेला होता. सर्दी झाली म्हणे."

त्या सर्दीनं माझी वाट लावली. "तिकडं आता हिवाळा लागला असन," तुम्ही लगेच म्हणालात, पुस्तकातलं आठवून. संध्याकाळी गादीवाल्याला बोलावणं धाडलंत. त्यानं आणलेली रुई तुम्ही चिमटीत ओढून दोनदा परत पाठवलीत, तिसऱ्यांदा पसंत केलीत आणि म्हणालात, "किलोभर जास्त घाल. थंडीतून येऊन राह्यला तो." गादी भरून होईपर्यंत तुम्ही अंगणात खुर्ची टाकून बसला होता. मी दारातून पाहत होते आणि फोन माझ्या हातात होता. तेव्हाही लावला असता तर चाललं असतं. एकदा खोटं बोलल्यावर खरं बोलायला आधी ते खोटं मोडावं लागतं, तेवढं धैर्य झालं नाही. उद्या, परवा करत बारा दिवस गेले. रोज तुम्ही विचारायचात, "सुट्टी भेटली काय त्याले?" आणि रोज मी काहीतरी सांगायची. तेराव्या दिवशी सकाळी चहा घेऊन आले तर तुम्ही उठलाच नाहीत.

मग फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला त्यानं.

तिसऱ्या दिवशी तो आला आणि त्याच गादीवर झोपला. सकाळी तिच्यावरून हात फिरवत म्हणाला, "नवीन हाय काय? लई मऊ हाय." मी म्हटलं, "पाहुण्यांसाठी भरली." पाहुणा हा शब्द त्याला कसा लागला असेल, हे मला बोलल्यानंतर कळलं. तुमच्या तेरवीला सगळे जेवून गेल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. "पुस्तकाचा शेवट वाचला होता ना तू बाबाले?" मी म्हटलं, हो. त्या तीस पानांत तो मुलगा रिकाम्या स्वयंपाकघरात बसून गेलेल्या बापाशी बोलतो. मी आलो नाही, कारण मी येत नाही तोवर माझ्यासाठी आई तिथं जिवंतच होती, असं काहीतरी सांगतो. दादा म्हणाला, "मले बोलता नव्हतं येत. म्हणून ते पुस्तक ठेवलं होतं." मग त्यानं विचारलं, "बाबा काही बोलले होते काय माह्याबद्दल?" मी म्हटलं, नाही. तो मान हलवत राहिला, जणू हेच उत्तर त्याला येत होतं.

त्यानंतर तो चारदा आला. चारही वेळा त्याच गादीवर झोपला, आणि चारही वेळा मी ठरवलं होतं की या वेळी सांगायचं. मी सांगितलं तर कदाचित तो परत येणार नाही. मला आता त्याच्याशिवाय कुणी नाही बाबा, आणि नाही सांगितलं तर तो असाच म्हातारा होईल, बापानं आपल्याला बोलावलं नाही असं धरून. तुमच्याकडून त्याला द्यायचं होतं ते माझ्याजवळ अडकून पडलं आहे, आणि ते माझं नाही.

परवा त्याचा फोन आला. तारीख सांगायला. आवाज बसलेला होता. "सर्दी झाली वो, इकडं थंडी पडली," म्हणाला. मी भिंतीला टेकून खाली बसले. तो हॅलो हॅलो करत राहिला. काल गादी अंगणात उन्हात टाकली. बसली आहे थोडी, पण रुई अजून चांगली आहे, तुम्ही निवडलेली.

हे पत्र कुठं पाठवणार? घडी करून त्याच तीस पानांत ठेवते आहे. फोनवर मला सगळं बोलता आलं नाही. "ये, तुझी गादी उन्हात टाकते," एवढंच म्हणाले. पाहुण्यांची नाही म्हणाले बाबा, तुझी म्हणाले. अकरा वर्षांत एवढंच जमलं.